यादीतून खोडलेला सिनेमा

परवा रात्री साडेअकराच्या सुमाराला ऑफिसातल्या एका ज्युनियरचा मेसेज आला. पोरगा गडहिंग्लजचा, तेवीस वर्षांचा, पुण्यात येऊन जेमतेम वर्ष झालंय. "दादा, डिझायरवरचे भारी सिनेमे सुचव की. पॉर्न नको. पण दोन फुलं एकमेकांवर आपटणारे पण नकोत."

मी हसलो आणि टाइप करायला लागलो. हे काम मला आवडतं. सिनेमा सुचवताना माणूस जरा शहाणा दिसतो.

त्याने 'डिझायर' हा शब्द वापरला ते साहजिकच आहे. मराठीत या गोष्टीसाठी शब्द भरपूर आहेत, पण सगळे कुठे ना कुठे अडकून पडलेत. 'वासना' कीर्तनात अडकला, 'कामुक' पेपरातल्या गुन्हेगारीच्या पानावर, 'शृंगार' नवरसांच्या यादीत परीक्षेपुरता. 'ओढ' तेवढा वाचलाय. पण "ओढीवरचे सिनेमे सुचव" असं म्हटलं तर समोरच्याला नदीवरची डॉक्युमेंटरी हवीय असं वाटेल. असो.

पाच नावं लिहिली. 'इन द मूड फॉर लव्ह', 'चारुलता', 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर', 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर', 'लास्ट टँगो इन पॅरिस'. पाठवायच्या आधी शेवटचं नाव खोडलं. परत लिहिलं. परत खोडलं. मग फोन बाजूला ठेवला आणि त्या रात्री काहीच पाठवलं नाही.

कारण सांगायचं तर २०११मध्ये जावं लागेल. मी एमएला होतो. ग्रुपमध्ये एक हार्ड डिस्क फिरायची, तिच्यात 'वर्ल्ड सिनेमा' नावाचा फोल्डर होता आणि त्या फोल्डरवर माझी बरीच इज्जत अवलंबून होती. वर्गातली एक मैत्रीण मला आवडायची. हे तिला सांगायची हिंमत नव्हती, म्हणून मी तिला सिनेमे सुचवायचो. एकदा म्हणालो, 'लास्ट टँगो' बघायलाच हवास. तिने विचारलं, काय आहे त्यात? मी म्हणालो, ते नाही सांगणार, डायरेक्ट बघ, रिअ‍ॅक्शन खरी यायला हवी.

हे वाक्य लक्षात ठेवा.

आम्ही चौघं-पाचजण एका मित्राच्या फ्लॅटवर लॅपटॉपसमोर बसलो. ज्यांनी सिनेमा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: बायकोने आत्महत्या केलेला एक अमेरिकन माणूस आणि एक फ्रेंच तरुणी पॅरिसमधल्या रिकाम्या फ्लॅटमध्ये भेटत राहतात. एकमेकांना नाव विचारायचं नाही असा त्याचा नियम. मार्लन ब्रँडो तेव्हा अठ्ठेचाळिशीच्या आसपास, मारिया श्नायडर एकोणीस वर्षांची. मध्ये एक बळजबरीचा प्रसंग आहे, लोण्याचा वापर असलेला. सिनेमा न पाहिलेल्यांनाही तो ऐकून माहीत असतो. तो सुरू झाला तशी मैत्रीण पाणी प्यायला म्हणून आत गेली. बराच वेळ आली नाही. सिनेमा संपल्यावर मी ब्रँडोच्या अभिनयावर, फ्रान्सिस बेकनच्या चित्रांवर, रंगांवर लंबंचौडं बोललो. ती म्हणाली, हो, छान होता. त्यानंतर तिने माझ्याकडून कधी सिनेमा मागितला नाही. आमच्यात भांडण काहीच झालं नाही, फक्त बोलणं नोट्सपुरतं उरलं.

तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की तिची सिनेमाची समज अजून तयार व्हायचीय. आज हे लिहिताना कान गरम होतात.

२०१६च्या शेवटी बेर्नार्डो बेर्तोलुची या दिग्दर्शकाचा जुना व्हिडिओ सगळीकडे फिरायला लागला. बोलला होता तो २०१३मध्ये. त्याचं म्हणणं असं, की लोण्याची कल्पना त्याला आणि ब्रँडोला शूटिंगच्या दिवशी सकाळी नाश्ता करताना सुचली आणि मारियाला मुद्दाम सांगितली नाही, कारण त्याला अभिनेत्रीची नाही, मुलीची प्रतिक्रिया हवी होती. अपराधी वाटतं, पश्चात्ताप नाही, असंही तो म्हणाला. गदारोळ झाल्यावर त्याने खुलासा केला की बळजबरीचा प्रसंग स्क्रिप्टमध्ये होता, तिला माहीत नव्हतं ते फक्त लोण्याचं. मारिया हे सगळं फार आधी, २००७मध्येच सांगून मोकळी झाली होती: तो प्रकार मूळ स्क्रिप्टमध्ये नव्हता, ऐन वेळी सांगितलं, कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष काही घडलं नसलं तरी अपमान खरा होता, आणि पडद्यावर दिसतात ते अश्रू तिचे स्वतःचे आहेत. तेव्हा कुणी फारसं ऐकलं नाही. २०११च्या फेब्रुवारीत ती वारली. आम्ही सिनेमा पाहिला तो त्याच वर्षी.

तो व्हिडिओ बघताना मला माझंच वाक्य ऐकू आलं. रिअ‍ॅक्शन खरी यायला हवी.

मी बेर्तोलुची नाही. माझ्या मैत्रिणीला कुणी हात लावला नव्हता, आणि दोन्ही गोष्टी एका तराजूत घालणं म्हणजे मारियावर आणखी एक अन्याय. पण दोन्हीकडे युक्ती तीच होती: समोरच्याला काय होणार हे माहीत असू द्यायचं नाही आणि त्याच्या बावरण्याला 'खरेपणा' म्हणायचं. मला तिच्याकडून काहीतरी हवं होतं. ते मी मागितलं नाही, एका थोर सिनेमाच्या आड लपून तिच्यावर ढकललं. थोर सिनेमा असल्यामुळे तिला तक्रारही करता येईना. तक्रार केली असती तर तीच अडाणी ठरली असती.

या सिनेमाची कोर्टातली गोष्ट त्याहून विचित्र आहे. १९७६मध्ये इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो अश्लील ठरवून प्रती नष्ट करायचा आदेश दिला, बेर्तोलुचीचे नागरी हक्क पाच वर्षांसाठी काढून घेतले. म्हणजे बघणाऱ्यांची नीती बिघडेल का, याची राज्यसंस्थेला केवढी काळजी. त्या खोलीत एकोणीस वर्षांच्या मुलीला काय सांगितलं होतं आणि काय नव्हतं, हा खटल्याचा विषयच नव्हता. आपल्याकडेही या विषयावरची भांडणं याच वळणावर जातात. एक बाजू म्हणते संस्कृती बुडाली, दुसरी म्हणते कलेचं स्वातंत्र्य. जिचं शरीर पडद्यावर आहे ती दोन्हीकडे नसते.

'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर' मी खोडला नाही, पण त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं. २०१३मध्ये कानला त्याला पाम द'ओर मिळालं, तेही दिग्दर्शकासोबत दोन्ही अभिनेत्रींना. आणि त्याच दोघींनी काही महिन्यांत सांगितलं की शूटिंग छळवादी होतं, एका लांबलचक प्रणयदृश्यासाठी दहा दिवस गेले. ज्या ग्राफिक नॉव्हेलवर सिनेमा बेतलाय ते लिहिणाऱ्या व्यक्तीलाही ती दृश्यं पटली नाहीत. मला त्यातलं अदेलचं खाणं आठवतं, झोपणं आठवतं, ब्रेकअपनंतर कॅफेतलं गयावया करणं आठवतं. त्या गाजलेल्या दृश्यातलं मात्र काहीच आठवत नाही. एवढं सगळं दाखवूनही ओढ त्यात नव्हतीच.

मग ओढ असते कुठे? माझ्या मते 'चारुलता'मधल्या त्या दांडीच्या छोट्या दुर्बिणीत. सत्यजित रायांचा १९६४चा सिनेमा, रवींद्रनाथांच्या 'नष्टनीड'वरचा. एकोणिसाव्या शतकातलं कलकत्त्याचं श्रीमंत घर, दुपार, करायला काही नाही. चारू खिडक्यांच्या झडपा किलकिल्या करून रस्त्यावरची माणसं दुर्बिणीतून बघते. तेवढ्यात नवरा पुस्तकात डोकं खुपसून तिच्या शेजारून जातो. ती तिथे आहे याचा त्याला पत्ताच नाही. ती दुर्बीण उचलते आणि घरातल्या घरात, चार पावलांवरून दूर जाणाऱ्या नवऱ्याला तिच्यातून बघते. संवाद नाही. मुलीची रिअ‍ॅक्शन मिळवण्यासाठी काही लपवलेलंही नाही. माधवी मुखर्जींना काय करायचंय ते ठाऊक आहे, म्हणून तर ते इतकं लागतं. पुढे बागेत झोपाळ्यावर बसून ती याच दुर्बिणीतून अमलला, म्हणजे दिराला बघते, तेव्हा तिला स्वतःला काय होतंय हे आपल्याला तिच्याआधी कळतं.

इथे एक शंका येते, आणि ती खरी आहे. चारूने तरी अमलला विचारलं होतं का? ती चोरूनच बघतेय. बिचाऱ्या भूपतीला तर कुणीच काही सांगत नाही, तो शेवटी बग्गीत एकटा बसून रडतो. मग 'आधी सांगा, आधी विचारा' हा माझा नियम कुठे गेला?

यावर मी बराच विचार केला. माणसाची ओढ नियमात बसत नाही, तिने बसावं अशी अपेक्षाही नाही. ती चोरटी असते, वेळ चुकवून येते, चुकीच्या माणसाकडे जाते. सिनेमातल्या पात्रांना हे सगळं माफ आहे, किंबहुना त्यासाठीच आपण तो बघतो. विचारायची जबाबदारी कॅमेऱ्यामागच्या माणसाची. आणि थोडी, अगदी थोडी, तो सिनेमा दुसऱ्याच्या हातात ठेवणाऱ्याचीही.

ज्युनियरचं यावर म्हणणं ठरलेलं असणार. त्याच्या वयाची बरीच पोरं हे म्हणतात, मीही म्हणायचो: विचारत बसलं की मजा जाते. या वाक्यासाठीच 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर' यादीत आहे. सेलिन सियामाचा, २०१९चा. अठराव्या शतकातल्या फ्रान्समधलं समुद्राकाठचं घर. लग्न ठरलेल्या एलुईजचं चित्र काढायला मारियान येते. एलुईज पोज द्यायला तयार नाही, म्हणून मारियानने फिरायला सोबत केल्याचं नाटक करत तिला चोरून न्याहाळायचं आणि लपून चित्र काढायचं. म्हणजे सुरुवात फसवणुकीनेच होते. आणि त्या चोरीतून आलेलं चित्र मेलेलं निघतं. मारियान सत्य सांगून टाकते, स्वतःच चित्राचा चेहरा पुसते, आणि मग एलुईज आपण होऊन समोर बसायला तयार होते. एका प्रसंगात मारियान तिला सांगते की तू अस्वस्थ झालीस की काय करतेस, लाजलीस की काय करतेस. एलुईज तिला आपल्याजवळ बोलावते आणि दाखवून देते की इथे बसून मीही तुला तेवढंच वाचत होते. त्या क्षणी दोघींनी एकमेकींना स्पर्शसुद्धा केलेला नाही, आणि आख्ख्या सिनेमातला सर्वात तापलेला क्षण तोच आहे. विचारल्यामुळे, सांगितल्यामुळे तापलेला.

'इन द मूड फॉर लव्ह'बद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्याच्यावर सगळे लिहितात. १९६२चं हाँगकाँग, शेजारी राहणारे दोघं, त्याची बायको आणि तिचा नवरा यांचंच एकमेकांशी चाललंय. हे दोघं त्यांची सुरुवात कशी झाली असेल याची तालीम करून बघतात, नवऱ्याला जाब कसा विचारायचा याची तालीम करतात, शेवटी एकमेकांचा निरोप घ्यायचीही. तालमीतच ती रडायला लागते. जे थेट विचारता येत नाही ते नाटक म्हणून विचारायचं. माझ्या सिनेमे सुचवण्याच्या उद्योगाच्या जवळ जाणारी हीच गोष्ट आहे, फरक इतकाच की तिथे तालीम चाललीय हे दोघांनाही माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी चार नावं पाठवली. कशात काय आहे ते प्रत्येकापुढे दोन ओळींत लिहिलं. 'लास्ट टँगो'बद्दलही लिहिलं: हा सिनेमा आहे, मोठ्या लोकांचा आहे, बायकोच्या प्रेताशेजारी बसून ब्रँडो जे बोलतो त्याची सर मला फार थोड्या प्रसंगांना आलेली दिसली, आणि मी हा तुला सुचवत नाहीये. बंदीबिंदी मला नको आहे. तो बघणं न बघणं त्याचं त्याने ठरवावं, फक्त माहीत असून ठरवावं. बघितला म्हणून मी त्याच्याबद्दल वाईट मत करून घेणार नाही, मी स्वतःही तीनदा बघितलाय.

त्याचं उत्तर आलं, "मराठीत एक पण नाही?"

हे मला सुचायला हवं होतं. राजीव पाटलांचा 'जोगवा', २००९चा. राजन गवसांच्या कादंबऱ्यांचा आधार आहे त्याला, म्हणजे हा तर त्याच्या घराशेजारचाच मुलुख. देवीला सोडलेली सुली आणि साडी नेसायला लावलेला तायप्पा. दोघांनाही कुणी विचारलेलं नाही. डोक्यात जट आली, देवीचं बोलावणं आलं, निर्णय झाला. ज्यांचं शरीर गावाने परस्पर देऊन टाकलंय अशा दोन माणसांना एकमेकांविषयी ओढ वाटते, तेव्हा ती ओढ म्हणजे स्वतःचं शरीर परत मागणं असतं. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये यांनी ते अंगाने, चालण्या-बसण्यातून दाखवलंय. मी लिहिलं, हा आधी बघ, बाकीचे नंतर.

तो म्हणाला, "हा घरी टीव्हीवर लागला होता, आईने चॅनल बदललं. शेवट काय आहे?"

टाइप करायला घेतलं, आणि यावेळी आधी विचारलं: सांगू का?