घर घेण्याआधी आढ्याकडे पाहा



जुने घर विकत घेणारा मनुष्य भिंती पाहतो, अंगण पाहतो, पाणी किती लांब आहे हे विचारतो. पण मान वर करून आढ्याकडे पाहणारा विरळा. माल्यापासून ताम्हिणीच्या घाटापर्यंतच्या मुलखात तर घराची परीक्षा वरूनच होते. येथे सह्याद्रीचा पाऊस दिवसचे दिवस कोसळतो. जन्माची पुंजी देऊन घेतलेले घर मृगात गळू लागले, म्हणजे कणगीतले धान्य भिजते, लेकरे आजारी पडतात, आणि डागडुजीसाठी पुन्हा कर्जाची पायरी चढावी लागते. ह्याच खोऱ्यातील लोकांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तो आपली घरे व शेते वाचावी म्हणून. घराचे मोल त्यांस कोणी शिकवावयास नको.

लेवीयाच्या १४व्या अध्यायात चट्टा पडलेल्या घराविषयी नियम सांगितला आहे. घरधनी स्वतः याजकाकडे जाऊन दोष कळवितो. याजक प्रथम घर रिकामे करवितो, मग पाहतो. सात दिवस ते बंद ठेवून पुन्हा येऊन पाहतो. ह्यातून आम्हांस तीन गोष्टी दिसतात: दोष लपवू नये, सामान हलविल्यावाचून पाहू नये, आणि एकदाच पाहून निर्णय करू नये.

खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, हे खरे. पण घ्यावयाच्या घरचे अवश्य मोजावे. दूर उभे राहून आढे सरळ आहे की मध्ये वाकले आहे, ते पाहावे. मग आत जाऊन भरदुपारी दारेखिडक्या लावाव्या. जेथून उजेडाचा कवडसा येतो, तेथून पाणीही येईल. भिंतीच्या माथ्यावर ओघळ आहेत काय? एकाच कोपऱ्यास नुकताच चुना लावला असेल, तर त्याचे कारण विचारावे. वाशांची भिंतीत शिरलेली टोके सुरीने टोचून पाहावी, कारण लाकूड बहुधा तेथेच कुजते. मातीची नळी वर चढलेली दिसली तर ती वाळवीची वाट; खाली पिठासारखा भुगा पडला असेल तर लाकूड किड्याने पोखरले आहे. दोन पाखी मिळतात ती पन्हळ विशेष लक्षाने पाहावी.

बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना काढला. तेव्हापासून ही खाचेची कौले दूरदूर पसरली. चांगले कौल बोटाने वाजविले असता खणखणते, तडकलेले बद्द वाजते. मात्र एका कारखान्याचे कौल दुसऱ्याच्या खाचेत नीट बसेलच असे नाही. म्हणून जादा कौले शिल्लक आहेत काय, ते विचारावे. पत्रे असल्यास खिळ्यांभोवतीचा गंज पाहावा. सिमेंटचे जुने पत्रे मात्र कापू वा फोडू नयेत, कारण त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते व त्याची धूळ फुप्फुसास घातक आहे. छपरावर स्वतः चढू नये. जाणत्या सुतारास मजुरी देऊन न्यावे. फुटकी कौले बदलणे थोडक्या पैशांत होते, परंतु आढे व वासे बदलणे म्हणजे जवळजवळ नवे छप्पर. तो खर्च सुताराकडून आधी काढवून किमतीतून वजा मागावा, आणि ठरेल ते लिहून घ्यावे. शेवटी, साधल्यास एकदा भर पावसात जाऊन पाहावे.

आता विकणाऱ्यास एक शब्द. लेवीयातील घरधन्याने याजकाची वाट पाहिली नाही. तो आपण होऊन गेला. पावसाळ्यात गळणारे घर उन्हाळ्यात चुना फासून विकणे, हे खोटे माप वापरण्यासारखेच आहे. घेणाऱ्याने विचारले नाही, म्हणून आम्ही सांगितले नाही, हे उत्तर मनुष्यापुढे चालेल, देवापुढे चालणार नाही. किंमत थोडी उतरेल. परंतु आषाढातल्या रात्री कोणाच्या लेकरांच्या अंथरुणावर ठिबकणारे पाणी आमच्या नावे लिहिले जाणार नाही.

उपदेशक बंधूंनो, मंडळीतील कोणी घर घेऊ लागला, तर प्रार्थना करून थांबू नका. सुतारास घेऊन त्याच्याबरोबर जा, आणि आढ्याखाली उभे राहून वर पाहा.