वाळीत टाकण्याचा हक्क कुणाचा?

गावकीने एखादे घर वाळीत टाकले, की बाहेरून बघणाऱ्याला काहीच कळत नाही. घर जागेवर असते, माणसे धडधाकट असतात, कुणाच्या अंगावर वळ नसतो. पण पिठाच्या गिरणीवर त्या घरचा डबा दळायला घेत नाहीत. दुकानदार रोख पैसे समोर ठेवले तरी मीठमिरची देत नाही. लेकीच्या लग्नाला मांडव घालायला हात मिळत नाहीत, आणि घरात मयत झाली तर खांदा द्यायला चार माणसे जमत नाहीत. जो त्यांच्याशी बोलेल त्यालाही दंड. कोकणात तर गावकीचा शब्द मुंबईच्या ग्रामस्थ मंडळापर्यंत चालतो. विरारला भाड्याच्या खोलीत राहणारा चाकरमानी गणपतीला गावी उतरतो, आणि यंदा आपल्या घरच्या आरतीला शेजारी येणार नाहीत हे त्याला तिथे कळते.

हे कृत्य गुन्हा आहे असे महाराष्ट्राने कायद्याने म्हटले ते २०१६ साली. असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण फुले, रानडे, आंबेडकर ज्या भूमीत झाले तिथे एवढ्या साध्या गोष्टीला इतका काळ का लागला, हा प्रश्न मला त्या अभिमानापेक्षा महत्त्वाचा वाटतो. माझे उत्तर असे, की वाळीत टाकण्याचे कारण योग्य होते की अयोग्य यावरच आपण फार काळ वाद घातला. मुळात कुणाला वाळीत टाकण्याचा अधिकार जातीला किंवा गावाला आहे का, हे विचारायला आपण धजलो नाही.

पेशवाईतली ग्रामण्ये, म्हणजे जातीबाहेर टाकण्यावरून होणारे तंटे, हा तर कारणांचाच वाद होता. कुणाला वेदोक्ताचा अधिकार, कुणी काय खाल्ले, कुणाच्या पंक्तीला कोण बसले. इंग्रजांनी सत्ता घेतल्यावर यातून अंग काढून घेतले. मुंबई इलाख्याच्या १८२७च्या दुसऱ्या रेग्युलेशनने दिवाणी कोर्टांना जातीच्या प्रश्नांत हात घालण्यास मनाई केली. नाहक बदनामी झाली म्हणून नुकसानभरपाई मागण्यापुरती एक फट तेवढी ठेवली. १८५०च्या कायद्याने आणखी एक पाऊल पडले. जात गेली म्हणून वारसाहक्क जाणार नाही, असे ठरले. म्हणजे जातीबाहेर टाकलेल्या माणसाचे शेत त्याच्याकडे राहिले. ते शेत कसायला गावात कुणी बैलजोडी देईना, तर त्यावर कायद्याकडे उत्तर नव्हते.

पुढची पिढी सुधारकांची. १८६९मध्ये मुंबईत विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने विधवाविवाह झाला आणि त्यात भाग घेणाऱ्यांवर बहिष्कार पडला. १८९३मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी पुनर्विवाह केला तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी त्यांना त्यांच्याच घराचे दार बंद केले. या दोहोंच्या मधले, १८९० सालचे पंचहौद मिशनचे चहा प्रकरण प्रसिद्धच आहे. मिशनच्या घरी चहा-बिस्किटे समोर आली, जमलेल्या पाहुण्यांची नावे गोपाळराव जोश्यांनी छापून आणली, आणि टिळक, रानडे, गोखले यांच्यासारखी माणसे आरोपी ठरली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. मित्रांच्या घरची कुचंबणा पाहून रानड्यांनी १८९२मध्ये प्रायश्चित्त घेतले, आणि त्याबद्दल त्यांना सुधारकांचाच रोष पत्करावा लागला. मला त्यात त्यांचा भित्रेपणा दिसत नाही. वाळीत टाकलेल्या माणसापेक्षा त्याच्या घरातल्या बायकांना आणि लग्नाच्या वयाच्या मुलींना त्याची झळ अधिक बसते, हे त्यांना दिसत होते. पण या साऱ्या वादात दोन्ही बाजू शास्त्रच उघडून बसल्या होत्या. चहा प्यायल्याने दोष लागतो का, आणि लागत असेल तर त्याचे प्रायश्चित्त कोणते, यावर खल झाला. जातीला ही शिक्षा देण्याचा अधिकार कुणी दिला, हे ऐरणीवर आले नाही.

जोतीरावांची दिशा वेगळी होती. १८७३मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने भटजीशिवाय लग्ने लावायला सुरुवात केली. ज्याच्यावाचून आपले अडते तोच आपल्याला अडवू शकतो, हे त्यामागचे पक्के भान होते. पुरोहिताची गरजच संपवली की त्याच्या बहिष्काराची धार जाते.

पण सगळ्यांनाच असे करता येत नव्हते. भटजीशिवाय लग्न लागते, पाण्याशिवाय दिवस जात नाही. हे सर्वांत स्पष्टपणे पाहिले ते बाबासाहेबांनी. १९२४ची 'बहिष्कृत हितकारिणी सभा' आणि १९२७चे 'बहिष्कृत भारत' या नावांतच प्रश्नाची मांडणी होती. महाडच्या सत्याग्रहानंतर गावोगावी महारांची जी कोंडी झाली ती मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीपुढे आली. त्या समितीत बाबासाहेब सदस्य होते. १९३०चा तिचा अहवाल आजही वाचावा असा आहे. अस्पृश्यांची कसायला घेतलेली जमीन काढून घेतली जाते, मजुरी थांबते, वाणी माल देत नाही, वाटेवरून जाऊ देत नाहीत. आणि हे सारे कशासाठी, तर कुणी नीटनेटके कपडे घातले, कुणी जमीन विकत घेतली. उघड मारहाणीपेक्षा हे हत्यार अधिक परिणामकारक आहे, असा समितीचा निष्कर्ष होता. मारहाणीची निदान फिर्याद होते. मीठ विकले नाही म्हणून कुणाला पकडायचे?

बाबासाहेब तिथेच थांबले नाहीत. गोलमेज परिषदेपुढे राव बहादूर श्रीनिवासन यांच्यासह त्यांनी जी योजना मांडली, तिच्यात बहिष्कार घालणे, त्याला चिथावणी देणे आणि त्याची धमकी देणे हे तिन्ही गुन्हे मानावेत अशी मागणी होती. त्यासाठी त्यांनी ब्रह्मदेशातल्या १९२२च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा मसुदा समोर ठेवला. मला हे वळण सगळ्यांत मोलाचे वाटते. कारण चांगले होते की वाईट, हा प्रश्नच इथे गळून पडला. माणसाचे अन्नपाणी आणि रोजगार संगनमताने तोडणे, हेच कृत्य दंडनीय ठरले.

यात एक पेच आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. त्याच काळात बहिष्कार हे स्वातंत्र्याच्या लढ्याचेही शस्त्र होते. १९२८च्या बारडोलीत जप्तीच्या जमिनी घेणाऱ्यांवर गावकऱ्यांनी बहिष्कार घातला आणि देशाने त्याचे कौतुक केले. महारांनी मेलेली गुरे ओढायचे सोडले, हाही एका अर्थी असहकारच. मग फरक कुठे? माझ्या मते फरक विहिरीचा मालक कोण, यात आहे. महाराने ढोर ओढले नाही तर पाटील उपाशी मरत नाही. पाटलाने पाणवठा बंद केला तर महारवाडा तहानेने तडफडतो. आणि बारडोलीतही ज्या गरिबाला गावाने अडवले असेल, त्याच्यापुरता तो अन्यायच होता, हे मान्य करायला हवे.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९मध्ये बहिष्कृती प्रतिबंधक कायदा केला. शिक्षा फार नव्हती, हजार रुपयांपर्यंत दंड. पण तत्त्व मोठे होते. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा मताने तो कायदा रद्द केला. धर्मसंप्रदायाला आपला कारभार चालवण्याचे स्वातंत्र्य आहे आणि शिस्तीसाठी एखाद्याला बाहेर काढणे हा त्याचाच भाग आहे, असे बहुमत होते. एकटे सरन्यायाधीश सिन्हा वेगळे बोलले. ज्या प्रथेने माणूस आपल्याच लोकांत अस्पृश्य होतो, तिचा संबंध त्यांनी अस्पृश्यता बंद करणाऱ्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमाशी जोडला. २०२३मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठाने त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून प्रकरण नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवले, हे सिन्हांच्या त्या एकाकी मताचेच बळ म्हणावे लागेल.

महाराष्ट्रात पुन्हा हालचाल झाली ती २०१३मध्ये. नाशिकला जातीबाहेर लग्न केलेल्या गरोदर मुलीचा तिच्या बापानेच खून केला. त्यामागे जातपंचायतीचा दबाव असल्याचे पुढे आले आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचा खून झाला, तरी कार्यकर्त्यांनी काम सोडले नाही. रायगड जिल्ह्यातून वाळीत टाकल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. एप्रिल २०१६मध्ये विधिमंडळाने विधेयक मंजूर केले, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर जुलै २०१७पासून कायदा लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कायद्यानंतर कंजारभाट समाजातल्या तरुण मुलामुलींनी नववधूच्या कौमार्य परीक्षेविरुद्ध स्वतःच्या पंचांसमोर उभे राहण्याचे धैर्य दाखवले.

या कायद्यात एक तरतूद अशी आहे, की न्यायालयाच्या परवानगीने तक्रारदार प्रकरण आपसात मिटवू शकतो, आणि आरोपींना त्याऐवजी समाजसेवा करावी लागते. ती मला अस्वस्थ करते. हेतू समजतो. माणसाला त्याच गावात राहायचे असते, कैदेपेक्षा सलोखा बरा. पण पंचांनी तक्रार मागे घ्यायला लावली की तक्रारदाराने ती मनापासून घेतली, हे न्यायाधीशाला कोर्टात बसून कसे कळावे? साक्षीदार त्याच गावचे, त्यांची लग्ने-मयती त्याच गावकीच्या हातात. अशा अर्जावर सही होण्याआधी कायद्यातल्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्याने त्या घरी जाऊन पाहावे, गिरणीवर त्यांचे दळण घेतात का, मुलांना खेळायला घेतात का, आणि मगच न्यायालयाला अहवाल द्यावा. एवढा एक नियम राज्य सरकारला आजही करता येईल.