सड्यावरचं घर आणि आषाढ

चि. निखिल यास,


सोन्या, "सड्यावर एक खोली बांधतो, खांबाची वाट कोण बघत बसणार, सोलरच बसवतो" असं परवा तू फोनवर म्हणालास आणि मला इतका आनंद झाला की पुढचं काही ऐकूच आलं नाही. दापोलीत परतायचं मनात आणणारा आपल्या घरातला तू पहिलाच. पण फोन ठेवला आणि झोप लागेना. तू जागा पाहिलीस ती वैशाखात, टळटळीत उन्हात. आषाढातला सडा तू लहानपणानंतर पाहिलेलाच नाहीस रे.

इकडे शाकारणी उरकली, लाकडं पडवीत रचून झाली. तुझे आतोबा रोज बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर पुरेसं आहे का ते बघतात. आमची पहिली बॅटरी मी मुंबईला चार महिने राहिले तेव्हा मेली, कारण पाणी आटलं ते बघायला घरात कोणी नव्हतं. तुझं घर वर्षातले सात-आठ महिने बंदच असणार, म्हणून ही गोष्ट आधी सांगितली. ॲसिडवाली बॅटरी तू घेऊच नकोस. थोडे पैसे जास्त गेले तरी लिथियमची घे. तिच्यात पाणी घालावं लागत नाही आणि ती वर्षंही जास्त काढते.

आता हिशेब. तुझ्या आजोबांसारखं वहीत मांडूनच पाहिलं. नऊ वॉटचे चार दिवे, तीस वॉटचा नवा पंखा, तुझा लॅपटॉप आणि ते इंटरनेटचं यंत्र, एवढं धरलं तर दिवसाला सव्वा युनिट लागतं. त्यात लहानसा फ्रिज आला की आणखी जवळजवळ एक. एक किलोवॉटचं सोलर वैशाखात दिवसाला चार युनिटं देतं, म्हणून तुला वाटतं, झालं की. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा त्याच पॅनेलने एखादं युनिट दिलं तरी खूप. बारा व्होल्टची दीडशे ॲम्पिअर-अवरची बॅटरी ऐकायला मोठी, पण भरते पावणेदोन युनिटं, आणि ॲसिडवाली असेल तर त्यातली निम्मीच वापरायची. म्हणजे तिच्यावर तुझी एक रात्र निघेल, दुसऱ्या संध्याकाळी काळोख. पॅनेल आणि बॅटरी कधीही पावसाळ्याच्या मापाने घ्यावी, बाळा. पाणी तापवायला आपला बंब आहे, गीझरचं नाव काढू नकोस. विहिरीचा पंप लावायचाच तर ऊन असताना लाव. एक हॉर्सपॉवर म्हणजे साडेसातशे वॉट, आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो.

आणि तो रायवळ! तुझी खोली त्याच्या सावलीत हवी म्हणतोस. सावली आली की सोलर गेलं. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी माळेतल्या बाकीच्यांची वीज घटते. मग कोणी तरी तुला सांगेल, झाड तोडा. तो आंबा तुझ्या पणजोबांनी लावलेला आहे. तुझे बाबा त्याच्यावरून पडून हात मोडून घेऊन आले तेव्हाही आजोबांनी एक फांदी छाटू दिली नव्हती.

खांबाचं मी विचारून आले. शेवटचा खांब वाडीच्या टोकाला आहे, तिथून सडा चारशे मीटर. म्हणजे आठ-दहा खांब, त्याचं कोटेशन, शिवाय वाटेतल्या काजूवाल्यांची संमती. एवढ्या लांब तार ओढल्यावर टोकाला व्होल्टेजही बेताचंच पोचतं. बरं, घर बंद असलं तरी बिलातला स्थिर आकार दरमहा येतच राहतो.

तू सूर्यघर योजनेचं म्हणालास. 2024 पासून सरकार पहिल्या दोन किलोवॉटला किलोवॉटमागे तीस हजार देतं, खरं आहे. पण ते महावितरणची जोडणी असलेल्या घराला. शिवाय त्यातलं बिनबॅटरीचं सोलर लाईन गेली की आपोआप बंद पडतं, भर उन्हातसुद्धा, तारेवर काम करणाऱ्या लाईनमनला शॉक बसू नये म्हणून. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा इथले खांब काडीसारखे मोडले. ती बिचारी माणसं पावसात चिखल तुडवत तारा ओढत होती, तरी आपल्या वाडीत दिवा लागायला महिना उलटला. मेणबत्त्या संपल्या, पुढे रॉकेलही मिळेना. तेव्हा एकट्या खांबावर भिस्त ठेव असंही मी म्हणणार नाही.

मग काय करावं? मला विचारशील तर खोलीची जागाच बदल. पाणंदीकडचा आपला तुकडा आठवतो का, जिथे तू गोट्या खेळायचास? दक्षिणेला मोकळा आहे आणि खांब पन्नास पावलांवर. तिथे मीटर घे, आणि शेजारी जमिनीवर गॅल्व्हनाइज्ड सांगाडा उभारून दोन पॅनेलं आणि एक लिथियम बॅटरी ठेव, दिवे-पंख्यापुरती. कौलांवर नको, वानरं उड्या मारतात आणि खारी हवा साध्या लोखंडाला दोन पावसाळ्यांत खाते. अर्थिंग जांभ्यात नीट लागत नाही, त्याचा खड्डा कोळसा-मीठ घालून खोल करून घे, ऑक्टोबरातल्या विजा तुला ठाऊक आहेत. समुद्र तिथून दिसणार नाही, हे मला कळतं. पण रात्री तुझा दिवा मला माझ्या ओसरीवरून दिसेल. वर सड्यावर तू एकटा, फोनची बॅटरी संपलेली, असं डोळ्यांपुढे आलं की मला राहवत नाही.

तरी तुझं मन सड्यावरच असेल तर निदान आषाढात आठ दिवस ये. रोज सकाळी छत्री घेऊन वर जाऊन बस, किती ऊन पडतं ते स्वतः मोज. फणस तोवर संपतील, पण साठं घालून ठेवली आहेत. चिरेवाल्याला मी सांगून टाकलंय, इतक्यात गाडी टाकू नकोस, आमचा निखिल पावसात येऊन जाऊ दे, दिवाळीनंतर बघू.

तुझी,
आत्या