ससाण्याचाही घास



बागेत बुलबुल, साळुंक्या आणि खारी एकदम कलकलाट करायला लागल्या आणि पुढच्याच क्षणी सगळं चिडीचूप झालं, की समजायचं, शिक्रा आलाय. साधारण कबुतराएवढा हा छोटा शिकारी पक्षी. पाठ राखाडी, छातीवर विटकरी रंगाचे बारीक आडवे पट्टे, नराचे डोळे लाल. शहरातल्या सोसायटीच्या बागेतही तो येतो. दाट फांदीत गुपचूप बसतो आणि खाली सरडा, उंदीर, चिमणी किंवा होला दिसला की झडप घालतो.

आपण गॅलरीतून बघतो आणि आपोआप होल्याच्या बाजूचे होतो. कुणी टाळ्या वाजवतं, कुणी दगड उचलतं. आणि मनात येतंच, देवा, हे असं का रे? त्या बिचाऱ्या जिवाचं काय चुकलं?

महाभारताच्या वनपर्वात उशीनर राजाची गोष्ट आहे. हीच गोष्ट आपल्याला शिबी राजाच्या नावानेही माहीत असते. शिबी हा उशीनराचा मुलगा. ससाण्याला घाबरून एक कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडतं. राजा त्याला अभय देतो. इथपर्यंत गोष्ट सोपी आहे. पण मग ससाणा बोलायला लागतो, आणि तो काही खलनायकासारखा बोलत नाही. तो म्हणतो, हे माझं अन्न आहे. मी उपाशी मेलो तर घरी माझी बायको-पोरंही मरतील. एकाला वाचवताना दुसऱ्याचा जीव जात असेल, तर तो कसला धर्म?

राजाकडे याला उत्तर नाही. तो इतर प्राण्यांचं मांस देऊ करतो, ससाणा नको म्हणतो. खरंच आहे. कबुतराऐवजी हरीण मारलं, तर दया कुठे झाली? फक्त मरणारा बदलला. शेवटी राजा कबुतराच्या वजनाइतकं स्वतःचं मांस तराजूत टाकतो. कबुतर जडच होत जातं, तेव्हा तो स्वतःच पारड्यात चढून बसतो. मग कळतं की ससाणा म्हणजे इंद्र आणि कबुतर म्हणजे अग्नी.

मंडळी, इथे थोडं थांबा. देव फक्त कबुतर होऊन आला असता, तर आपल्याला किती सोयीचं झालं असतं! पण तो ससाणा होऊनही आला. भुकेल्यातही तोच, घाबरलेल्यातही तोच. म्हणून राजाने ससाण्यावर बाण सोडला नाही. त्याचीही भूक खरी मानली.

आता आपल्या दयेकडे बघूया. लोकलमध्ये एक आजी उभ्या आहेत. आपण शेजारच्याला म्हणतो, 'अहो, जरा उठा ना, आजींना बसू द्या.' आणि स्वतः बसूनच राहतो! घरी मुलगा म्हणतो, 'आईला आता आराम मिळायला हवा,' आणि बायकोकडे बघतो. ऑफिसमध्ये एका मित्राचं काम हलकं करतो आणि ते दुसऱ्याच्या टेबलावर सरकवतो. दया आपली, बिल दुसऱ्याचं. आणि तो दुसरा कुरकुरला की लगेच आपल्याला तोच दुष्ट ससाणा वाटतो.

अंगाचं मांस कापायला कुणी सांगत नाहीये हं. आपली जागा, आपली झोप, आपला रविवार, आपले चार पैसे, एवढं पारड्यात टाकलं तरी पुष्कळ. राजासारखं सगळं देणं आपल्याला जमणार नाही, पण निदान दुसऱ्याचा घास काढून तो आपल्या पुण्यात लिहू नये.

आणि त्या होल्याचं काय? ती वेदना खोटी नाही, ती मनात राहू द्या. पण शिक्र्याला दगड मारू नका. त्याच्याही घरट्यात पिल्लं वाट बघत असतील, आणि त्यांना गवत खाऊन जगता येत नाही. हे सगळं असंच का, याचा हिशोब ज्याने दोघांना घडवलं त्याच्याकडे. आपल्याकडे हिशोब आहे तो फक्त आपल्या पारड्याचा.

आजचा संकल्प: आज कुणाला मदत करावीशी वाटली, तर आधी एकच प्रश्न विचारायचा. याची किंमत मी देतोय, की दुसरं कुणी?

राम कृष्ण हरि!