पाठीमागचा चेंडू

खेळणाऱ्या मुलाने स्वतःच्या डोळ्यांवर कुठवर विसंबावे आणि शिकवणाऱ्याच्या शब्दावर कधी विश्वास टाकावा, हा प्रश्न वरवर मैदानापुरता वाटतो. परंतु ज्ञानाची साधने कोणती आणि त्यांपैकी कोणाचा अधिकार कुठे चालतो, याची जी चर्चा भारतीय दर्शनांनी शतकानुशतके केली, तिचेच ते रोकडे रूप आहे. यथार्थ ज्ञान मिळवून देणाऱ्या साधनाला दर्शनशास्त्रात प्रमाण म्हणतात. न्यायदर्शन प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानते. चार्वाक प्रत्यक्षापलीकडे काही मानत नाहीत, तर दिङ्नागासारखे बौद्ध आचार्य शब्दाला स्वतंत्र स्थान न देता त्याची गणना अनुमानातच करतात. दुसऱ्याने सांगितले म्हणून एखादी गोष्ट खरी धरावी का, आणि धरावी तर कोणत्या अटींवर, हा या वादाचा गाभा आहे.

बेसबॉल या खेळातील धावणाऱ्याचे शिक्षण या वादावर अनपेक्षित प्रकाश टाकते. महाराष्ट्रात हा खेळ मुख्यतः शालेय आणि महाविद्यालयीन स्पर्धांमधून खेळला जातो, त्यामुळे त्याची थोडी ओळख करून देणे इष्ट होईल. चेंडू टोलवणारा खेळाडू पहिला, दुसरा आणि तिसरा असे तीन तळ ओलांडून मूळ जागी परतला की धाव पूर्ण होते. दोन तळांमधील अंतर मोठ्यांच्या खेळात 90 फूट, म्हणजे सुमारे 27.4 मीटर, तर लहान मुलांच्या खेळात बहुधा 60 फूट असते. तळावर उभ्या असलेल्या मुलाला क्षणार्धात पुष्कळ काही ताडावे लागते. उंच उडालेला चेंडू झेलला गेला, तर त्याला आपल्या तळाला पुन्हा स्पर्श केल्यावाचून पुढे जाता येत नाही. म्हणून एक गडी बाद असताना तो अर्ध्या वाटेवर थबकून पाहतो, आणि तोच चेंडू, तीच उंची, पण दोन गडी बाद असतील, तर मागेपुढे न पाहता धावत सुटतो, कारण झेल झालाच तर डाव तिथेच संपणार असतो. चेंडूचा मार्ग डोळ्यांना दिसतो. त्याचा अर्थ मात्र प्रसंगावरून अनुमानाने काढावा लागतो. निव्वळ वेगवान मूल अनेकदा बाद होते आणि बेताच्या वेगाचे पण सावध मूल तिसरा तळ गाठते, ते याचमुळे.

या शिक्षणातील एक नियम तत्त्वचिंतकाने मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे: चेंडू डोळ्यांसमोर असेल तर निर्णय धावणाऱ्याने घ्यावा, चेंडू पाठीमागे गेला असेल तर तिसऱ्या तळाशेजारी उभ्या असलेल्या मार्गदर्शकाकडे पाहावे. पहिल्या तळावरून दुसऱ्याकडे निघालेल्या मुलाच्या मागे, उजव्या बाजूला चेंडू गेला, की मान वळवून तो शोधण्यात त्याची गती मोडते. मार्गदर्शकाला मात्र तो लख्ख दिसत असतो. न्यायभाष्यकार वात्स्यायनाने आप्ताची, म्हणजे ज्याचे वचन प्रमाण मानावे त्याची, जी लक्षणे सांगितली आहेत, ती इथे तंतोतंत जुळतात. आप्त तो, ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ, लक्षण सर्वांना सारखेच लागू पडते. अधिकार येतो तो जाणण्यातून, वयातून वा पदातून नव्हे. म्हणून समोरचा चेंडू दिसत असलेल्या मुलावर जो प्रशिक्षक ओरडून निर्णय लादतो, त्याचा शब्द त्या क्षणापुरता प्रमाण राहत नाही, मग त्याचा अनुभव कितीही दांडगा असो.

कोल्हापूरच्या परिसरात, विमानतळालगतच्या गडमुडशिंगीसारख्या करवीर तालुक्यातील गावांत, हा विचार बेसबॉलपेक्षा खो-खोच्या मैदानावर अधिक नेमका पडताळता येतो, कारण महाराष्ट्रातील मुलामुलींचा धावण्याचा खरा वारसा तिथे आहे. खो-खोचे मैदान 27 मीटर लांब आणि 16 मीटर रुंद असते, म्हणजे त्याची लांबी मोठ्यांच्या बेसबॉलमधील दोन तळांमधल्या अंतराएवढीच जवळजवळ भरते. पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब ओलांडल्याखेरीज त्याला उलटे फिरता येत नाही आणि मधली पाटीही ओलांडता येत नाही. बचाव करणारा मात्र बसलेल्या खेळाडूंमधून हवा तसा निसटू शकतो. बचाव करणारी बारा वर्षांची मुलगी मैदानाच्या मध्यावर आहे असे मानावे. पाठलाग करणारी पलीकडच्या बाजूने येते आहे, आणि बसलेल्यांची तोंडे आळीपाळीने विरुद्ध दिशांना असल्याने, तिच्याकडे पाठ आणि या मुलीकडे तोंड करून बसलेलीलाच खो मिळून ती अलीकडे उठू शकते. मुलीने पाठलाग करणारीच्या हातांकडे पाहिले तर हूल बसते. खांदा आणि कंबर कुठे झुकते हे पाहिले, बसलेलीची टाच उचलली गेली हे टिपले, तर खो मिळण्याआधीच ती दोघींमधून पलीकडे गेलेली असते. धुरावरून अग्नीचे ज्ञान होते, हे न्यायशास्त्राचे परिचित उदाहरण; इथे उचललेली टाच हे खोचे लिंग, म्हणजे अनुमानाला आधार देणारी खूण, ठरते. तळाशेजारचा मार्गदर्शक खो-खोत नाही, त्यामुळे रेषेबाहेरून येणारा आरडाओरडा कितीही प्रेमाचा असला, तरी त्यात सांगण्याची इच्छा असते, त्या मुलीच्या जागेवरून दिसणारे प्रत्यक्ष नसते.

यावर एक आक्षेप वजनदार आहे. तरुण माणूस भूमितीत निष्णात होऊ शकतो, पण व्यवहारातील विवेक त्याच्याकडे नसतो, कारण विवेक अनुभवातून येतो आणि अनुभवाला काळ लागतो, असे ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील ग्रंथात म्हटले आहे. मग मुलांवर निर्णय सोपवणे म्हणजे त्यांना पराभवाकडे ढकलणे नव्हे काय? परंतु त्या विधानातूनच उत्तर निघते: अनुभव ज्या निर्णयांतून येतो, ते निर्णय दुसऱ्यानेच घेतले, तर वय वाढेल, विवेक वाढणार नाही. तालमीतला वस्ताद एखादा डाव राखून ठेवतो म्हणतात. विवेक राखूनही ठेवता येत नाही आणि देऊनही टाकता येत नाही, तो ज्याचा त्यालाच घडवावा लागतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात, सारे ज्ञान सांगून झाल्यावर, श्रीकृष्ण अर्जुनाला नीट विचार करून इच्छेप्रमाणे वागण्यास सांगतो. उपदेशकाचा अधिकार जिथे सर्वोच्च मानला गेला, तिथेही निर्णय शिष्याकडेच सोपवला गेला, ही गोष्ट शिकवणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावी अशी आहे. समर्थ रामदासांनीही दासबोधात हरिकथा आणि राजकारण यांच्या पाठोपाठ सावधपणाला स्थान दिले, आणि सावधपण उसने घेता येत नाही.

म्हणून शाळांच्या मैदानांवर मुलांना धावणे शिकवणाऱ्या शिक्षकांनी सरावाचा काही भाग बाहेरून एकही शब्द न उच्चारता घ्यावा, मूल बाद झाले तर लगेच चूक दाखवण्याआधी त्याला काय दिसले हे विचारावे, आणि चेंडू खरोखरच त्याच्या पाठीमागे असेल तेव्हाच आपला शब्द द्यावा.