गळ टाकणाऱ्याचा धर्म

जो पोटासाठी मासा धरतो त्याच्याशी धर्मविचाराचे भांडण फारसे नाही. भांडण आहे ते, घरी अन्नवस्त्राची ददात नसता केवळ चित्त रमावे म्हणून सुटीच्या दिवशी लहानशा होडीत बसून पाण्यात गळ सोडणाऱ्याशी. महाड-पोलादपूरच्या मुलखात हा प्रश्न निव्वळ ग्रंथगत राहत नाही. महाबळेश्वरी उगम पावलेली सावित्री पोलादपुरावरून खडकाळ पात्राने उतरते, महाडापाशी संथ होते, दासगावाकडे भरती-सुकतीच्या अमलाखाली जाते आणि बाणकोटास समुद्राला मिळते. या खालच्या, होडी चालेल अशा पाण्यात गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांचा रहिवासी असलेला जिताडा सापडतो, आणि रायगड जिल्ह्यात त्याच्याइतका मान दुसऱ्या माशाला क्वचितच मिळत असेल. उलट त्याच महाड तालुक्यात, काळ नदीवरील वाळणकोंडीच्या डोहात, वरदायिनी देवीचे म्हणून मानलेले महासीर मासे निर्भयपणे वावरतात, भाविक त्यांना खाऊ घालतात, आणि तेथे गळ टाकण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. एकाच तालुक्याच्या हद्दीत एका पाण्यातला मासा भक्ष्य आणि दुसऱ्या पाण्यातला पूज्य ठरतो, ही विसंगती आहे की विवेक आहे?

आपल्या पूर्वजांनी या छंदाकडे डोळेझाक केली होती असे मुळीच नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मत्स्यविनोदाला स्वतंत्र स्थान दिले असून माशांच्या जाती, त्यांना घालावयाचे खाद्य आणि गळाने त्यांना धरण्याची रीत यांचे तपशीलवार वर्णन केले आहे. त्याच्याही कितीतरी शतके आधी अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात पौर्णिमेसारख्या ठराविक तिथींना मासे मारण्यास व विकण्यास मनाई फर्मावली होती. अशोकाने मासेमारीच सरसकट बंद केली नाही, तिला काळाची मर्यादा घातली, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. वाळणकोंडीला स्थळाची मर्यादा आहे, इतकाच फरक. म्हणून मी तिला विवेक म्हणतो. सर्वत्र अहिंसा पाळणे ज्या समाजाला साधत नाही, त्याने निदान एका डोहापुरती ती निरपवाद पाळावी, यात दांभिकता नाही.

तरीही हौशी माणसाचा प्रश्न उरतोच. महाभारताच्या वनपर्वातील धर्मव्याध मिथिलेच्या बाजारात मांस विकतो, आणि तपस्वी कौशिक ब्राह्मणाला धर्म शिकवितानाही आपले कर्म घोर आहे हे नाकारीत नाही. नांगराच्या फाळाखाली किती जीव मरतात याकडेही तो लक्ष वेधतो. पण त्याचा तो कुळाचा पेशा आहे. सावित्रीच्या काठचे कोळी आणि भोई हे धर्मव्याधाचा दाखला हक्काने देऊ शकतील. शहरातून येऊन होडी भाड्याने घेणाऱ्याला तो देता येणार नाही. त्याच्यापाशी गरजेची सबब नाही, तेव्हा त्याने दुसरे काही तारण ठेवले पाहिजे, आणि ते म्हणजे आपण जीव घेत आहो याची उघड कबुली आणि धरलेले अन्न वाया न घालविण्याचा नेम.

मासा धरून पुन्हा सोडून द्यावा, म्हणजे पाप लागत नाही, असे आजकाल पुष्कळ हौशी मंडळी मानतात. मला हे पटत नाही. ज्याला खायचे नाही त्याच्या जबड्यात लोखंड रुतवून, तो थकेपर्यंत दोरीने झुंजवून, मग औदार्याने त्याला सोडणे ही अहिंसा नसून हिंसेतली गरज तेवढी वगळून उरलेली करमणूक आहे. त्यापेक्षा एक मासा धरून, विलंब न लावता त्याचा जीव घेऊन, तो घरी शिजविणारा माणूस मला अधिक प्रामाणिक वाटतो. मात्र एका प्रसंगी सोडणे हेच कर्तव्य ठरते. जिताडा जन्मतः बहुधा नर असतो आणि काही वर्षांनी वाढता वाढता मादी होतो. म्हणजे गळाला लागलेला अतिशय मोठा जिताडा ही बहुतेक वेळा अंडी देणारी मादी असते, आणि ती पावसाळ्याच्या सुमारास अंडी घालण्यासाठी खाडीच्या मुखाकडे जाते. तिला मारणारा एक मासा मारीत नाही, पुढची पिढीच कापतो.

यावर कोणी म्हणेल, की औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने सावित्रीची जी दुर्दशा झाली तिच्यापुढे एका गळाचा हिशेब तो काय मांडायचा? सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारणे तर 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरविले आहे. हे सर्व खरे. परंतु मोठा अपराध लहान अपराधाला माफी देत नाही, आणि माझा अनुभव असा की जो माणूस होडीत स्वस्थ बसून पाण्याचा रंग, वास आणि प्रवाह तासन्‌तास न्याहाळतो, त्यालाच नदी नासल्याची वर्दी सर्वांत आधी लागते व त्याचीच तक्रार सर्वांत खरी असते.

म्हणून ज्याला या छंदाचा आरंभ करावयाचा आहे त्याला मी परावृत्त करणार नाही. त्याने पाण्याची वहिवाट ठाऊक असलेला स्थानिक नावाडी सोबत घ्यावा आणि प्रारंभी उधाणाच्या जोरकस ओढीत न जाता अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे भरती-ओहोटी मंद असण्याचा काळ, निवडावा. लहान होडीत उभे राहू नये, अंगात तरंगते जाकीट घालावे, आमिषाला जिवंत कोळंबी पुरते. पावसाळ्याचे महिने त्याने माशांसाठी सोडावेत, घरी खपेल त्याहून अधिक धरू नये, मोठी मादी वजनकाट्याला न लावता तत्काळ पाण्यात सोडावी, आणि वाळणकोंडीला जावयाचे झाल्यास गळ घरी ठेवून जावे.