इतकी वर्षे का गप्प बसले?



एखाद्या धर्मगुरूने तीस-चाळीस वर्षांपूर्वी लहान मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याची बातमी परदेशातून आली, की रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘‘इतकी वर्षे ही माणसे का गप्प बसली होती?’’ दुसरे, ‘‘पेपरवाल्यांना बरा आपलाच धर्म सापडतो!’’ एखादा तरुण हळूच म्हणतो, ‘‘आगीशिवाय धूर निघत नाही,’’ आणि मग वडीलधारी मंडळी त्याच्याकडे रागाने पाहतात. विषय नाजूक, मुले जवळपास खेळत असतात, त्यामुळे बोलणे तिथेच थांबते. या पत्रकातून आपण ते थोडे पुढे नेऊ या, कारण या तिन्ही वाक्यांत एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जे आपण पाहिले नाही, जे सिद्ध झालेले नाही आणि जे फार जुने आहे, अशा आरोपाबद्दल ख्रिस्ती माणसाने काय मानावे?

पहिल्या वाक्यापासून सुरुवात करू. अमेरिकेतील बोस्टन शहराचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. 6 जानेवारी 2002 रोजी, तीन राजांच्या सणाच्या रविवारी, ‘बोस्टन ग्लोब’ या वर्तमानपत्राने जॉन गेगन या धर्मगुरूची हकिगत छापली. सुमारे तीस वर्षांत, अर्धा डझन धर्मग्रामांत, 130 हून अधिक व्यक्तींनी त्याच्याविरुद्ध लहानपणीच्या अत्याचाराची तक्रार केली होती. जगाला हे 2002 साली कळले. पण ती माणसे खरोखर गप्प होती का? 1982 साली एका कॅथलिक बाईने बोस्टनच्या कार्डिनलांना पत्र लिहिले होते. तिच्या घराण्यातील सात मुलगे या माणसाच्या तावडीत सापडले होते. ती कोर्टात गेली नाही, वर्तमानपत्राकडे गेली नाही. ख्रिस्तसभेची लेक म्हणून ती आपल्या धर्माधिकाऱ्यांकडे गेली. 1984 मध्ये गेगनला नवे धर्मग्राम मिळाले. तेव्हा एका साहाय्यक बिशपांनीही लेखी इशारा दिला होता. तोही कागद फायलीत गेला.

म्हणजे ‘का गप्प बसले’ हा प्रश्नच कित्येकदा चुकीच्या माणसाला विचारला जातो. ते बोलले होते. ज्यांना सांगितले ते गप्प बसले. पुढे काहींना भरपाई मिळाली, ती गुप्ततेच्या अटीवर. आधीच्या दहा वर्षांत किमान 70 धर्मगुरूंविरुद्धच्या अशा तक्रारी बोस्टनमध्ये कसलाही गाजावाजा न होता मिटवल्या गेल्या, हेही त्याच महिन्यात बाहेर आले. पैसे देऊन तोंड बंद करायचे आणि वीस वर्षांनी विचारायचे, तेव्हाच का नाही बोललात?

जे खरोखरच बोलले नाहीत त्यांचे काय? आपल्याच घराकडे पाहू. फादर घरी आले की आपण चांगली खुर्ची पुढे करतो, मुलांना हाक मारतो, ‘आशीर्वाद घे’ म्हणतो. त्यात वाईट काही नाही, उलट आम्हाला त्यात तुमचे प्रेम दिसते. पण ज्या माणसासमोर आई-वडील हात जोडून उभे राहतात त्याच्याविरुद्ध दहा वर्षांच्या मुलाने कोणाकडे जावे? त्याच्यापाशी त्या गोष्टीला शब्दही नसतो. आपल्या घरांत त्या अवयवांची नावेसुद्धा कोणी उच्चारत नाही. शिवाय पाप म्हणजे काय ते मुलाला त्याच धर्मगुरूने शिकवलेले असते, म्हणून पाप आपलेच असे ते समजते. पुढे ते मूल चाळीस वर्षांचे होते, त्याला स्वतःचे मूल होते आणि ते मूल दहा वर्षांचे झाले की एके दिवशी त्याला कळते, आपण किती लहान होतो. अशा वेळी बोलायला झालेला उशीर हा खोटेपणाचा पुरावा ठरत नाही. मात्र तो खरेपणाचाही पुरावा नव्हे, हे पुढे येईल.

आता दुसरे वाक्य. वर्तमानपत्रे धर्माच्या मुळावर उठली आहेत ही भावना नवी नाही. 1992 साली मॅसॅच्युसेट्समधल्याच दुसऱ्या एका धर्मगुरूचे प्रकरण गाजत असताना बोस्टनचे कार्डिनल लॉ यांनी प्रसारमाध्यमांवर, विशेषतः ‘ग्लोब’वर, देवाच्या सामर्थ्याला साद घातली होती. दहा वर्षांनी, डिसेंबर 2002 मध्ये, त्यांनाच राजीनामा द्यावा लागला. ज्या चार बातमीदारांनी ही बातमी खणून काढली ते चौघेही कॅथलिक घरांत वाढलेले होते. पण समजा, ते नसते. समजा, ते ख्रिस्तसभेचा द्वेष करणारे असते. तरी काय? सेमिनरीत तर्कशास्त्राच्या पहिल्या काही तासांतच शिकवतात की विधान कोणी केले आणि कोणत्या हेतूने केले, यावरून ते खरे की खोटे ठरत नाही. दाविदाला त्याचे पाप नाथान संदेष्ट्याने दाखवले, बलामाला तर गाढवीने शहाणपण शिकवले! आपण मात्र गाढवीचा हेतू तपासत बसतो. पोप फ्रान्सिस यांनी 21 डिसेंबर 2018 रोजी रोमन कुरियासमोर बोलताना, प्रामाणिकपणे हे लांडगे उघडे पाडणाऱ्या आणि पीडितांना आवाज देणाऱ्या पत्रकारांचे जाहीर आभार मानले.

आकडेवारीचा आधारही आपण असाच घेतो. अमेरिकेतील जॉन जे कॉलेजने 2004 साली अहवाल दिला. 1950 ते 2002 या काळात 4,392 धर्मगुरूंवर आरोप झाले, म्हणजे त्या काळातील धर्मगुरूंपैकी सुमारे चार टक्के. ‘‘फक्त चारच टक्के, शिक्षकही करतात, नातेवाईकही करतात,’’ असे आपण म्हणतो. त्याच अहवालात तक्रार करणाऱ्यांची संख्या 10,667 आहे, ती आपल्या बोलण्यात येत नाही.

तर मग त्या तरुणाचे म्हणणे बरोबर? आगीशिवाय धूर नाही? इथे शिकागोकडे पाहावे लागते. नोव्हेंबर 1993 मध्ये तिथले कार्डिनल जोसेफ बर्नार्डिन यांच्यावर एका माणसाने दावा लावला. 1970 च्या दशकात बर्नार्डिन सिनसिनाटीचे आर्चबिशप असताना त्यांनी आपल्यावर अत्याचार केला, असे त्याचे म्हणणे होते. दूरचित्रवाणीने ही बातमी जगभर नेली. बर्नार्डिन यांनी आरोप ठामपणे नाकारला, पण आरोप करणाऱ्याची निंदा केली नाही. अशा तक्रारींसाठी त्यांनी स्वतःच 1992 साली एक मंडळ नेमले होते, त्यात बहुसंख्य सदस्य प्रापंचिक होते. आपले प्रकरणही त्यांनी त्याच मंडळापुढे ठेवायला सांगितले. फेब्रुवारी 1994 मध्ये त्या माणसाने दावा मागे घेतला. संमोहनाखाली जाग्या झालेल्या त्या आठवणींचा आपल्याला भरवसा वाटत नाही, असे त्याने सांगितले. तो लबाड नव्हता, आजारी आणि दुखावलेला होता. डिसेंबर 1994 मध्ये फिलाडेल्फियाच्या सेमिनरीत दोघे भेटले. त्याने क्षमा मागितली, कार्डिनलांनी त्याच्यासाठी मिस्सा अर्पण केली आणि त्याला रुग्णाभ्यंग दिले. पण मधल्या शंभर दिवसांत त्या निरपराध माणसाने काय भोगले असेल? आरोपाची बातमी पहिल्या पानावर येते, माघारीची आतल्या पानावर. आम्हा धर्मगुरूंना या गोष्टीची भीती वाटते, हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

म्हणजे दोन्ही गोष्टी घडतात. मग आठवी आज्ञा आपल्याला काय सांगते? धर्मशिक्षणात आपण तीन पापे शिकलो: पुरेशा आधाराशिवाय मनातल्या मनात निवाडा करणे, दुसऱ्याचा खरा दोष विनाकारण चव्हाट्यावर मांडणे आणि खोटी बदनामी करणे. यातल्या मधल्या पापाचा गेल्या शतकात फार गैरवापर झाला. ‘धर्मगुरूचा दोष उघड करणे हे पाप आहे’ असे पीडितांच्या आयांना सांगितले गेले. वास्तविक ‘विनाकारण’ या शब्दावर सारे अवलंबून आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकातच लिहून ठेवले आहे की ज्या गुप्त पापामुळे इतरांचे नुकसान होते ते खाजगीत समजावत बसू नये, थेट अधिकाऱ्यांपुढे मांडावे. शहर शत्रूच्या हाती देण्याचा कट शिजत असेल तर कोणी गुपचूप समजूत घालत बसत नाही. सेमिनरीच्या ग्रंथालयात हे पुस्तक प्रत्येकाच्या हाताशी होते.

तत्त्वज्ञान माणसाला वाचवते तसे ते पळवाटही देते. जुन्या नीतिशास्त्रात ‘मनात अर्थ राखून बोलणे’ नावाची एक युक्ती आहे. खोटे बोलायचे नाही, पण ऐकणाऱ्याचा गैरसमज झाला तर होऊ द्यायचा. डब्लिन धर्मप्रांताविषयीच्या नोव्हेंबर 2009 च्या मर्फी अहवालात याचे उदाहरण आहे. 1993 साली धर्मप्रांताने एका धर्मगुरूला पीडिताशी तडजोड करण्यासाठी पैसे उसने दिले होते. 1995 साली आर्चबिशप म्हणाले की धर्मप्रांताचा निधी अशा भरपाईसाठी वापरला जात नाही. नंतर त्यांनी त्या पीडितासमोर खुलासा केला तो असा, की ‘वापरला जात नाही’ असे आपण म्हणालो, ‘वापरला गेला नाही’ असे म्हणालो नव्हतो! व्याकरण शुद्ध होते. वर्तमानकाळाच्या आडोशाला इतके मोठे सत्य लपू शकते, हे वाचून आम्हाला आमच्याच शिक्षणाची लाज वाटली.

उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यातील सोमवारी आपण दानिएलच्या पुस्तकातील सुसान्नाची कथा वाचतो. तिच्याकडे या दृष्टीने पुन्हा पाहावे. दोन वडीलधारे न्यायाधीश बागेत एका स्त्रीला गाठतात, ती नकार देते, तेव्हा ते तिच्यावरच व्यभिचाराचा आळ घेतात. ‘खोट्या आरोपाला बळी पडलेली निरपराध’ म्हणून आपण तिची आठवण काढतो आणि ते खरेच आहे. पण ती दुसरीही कोणीतरी आहे. अधिकारी पुरुषांनी जिच्यावर हात टाकू पाहिला आणि जिच्या शब्दाला त्यांच्या शब्दापुढे किंमत उरली नाही, तीही सुसान्नाच. लोकांनी वडिलांवर विश्वास का ठेवला? पुरावा होता म्हणून नव्हे. ते वडील होते, न्यायाधीश होते म्हणून. दानिएल तरुण होता, तोही ओरडलाच. पण ओरडून थांबला नाही. त्याने दोघांना वेगळे केले आणि एक साधा प्रश्न विचारला, कोणत्या झाडाखाली? दोघांनी दोन वेगळी झाडे सांगितली. ती वाचली ती जमावाचे मन वळले म्हणून नव्हे, चौकशी झाली म्हणून.

म्हणून आम्हाला असे वाटते की ‘विश्वास ठेवायचा की नाही’ हा प्रश्नच आपण घाईने मांडतो. ऐकणे ही एक गोष्ट, ठरवणे ही दुसरी. कोर्ट आरोपीला गुन्हा सिद्ध होईपर्यंत निर्दोष मानते, याचा अर्थ शासनाने त्याला शिक्षा करू नये. आरोप करणाऱ्याला लबाड समजावे असा त्याचा अर्थ नाही. चौकशी चालू असताना धर्मगुरूला सेवेतून बाजूला ठेवले तर ती शिक्षा नसते. त्याला त्रास होतो, पण मुलांना होऊ शकणाऱ्या त्रासापुढे तो सोसावा, असे आम्हीच म्हटले पाहिजे. शेजाऱ्याचे म्हणणे होईल तितके चांगल्या अर्थाने घ्यावे, असे आपले धर्मशिक्षण सांगते. आरोप झालेला धर्मगुरू आपला शेजारी आहे. आरोप करणारा शेजारी नाही का?

आणि तो शेजारी अमेरिकेतच असेल असे नाही. एखाद्या घरात, शाळेत, शिकवणीत किंवा देवाच्या नावाने चालणाऱ्या ठिकाणी जे घडले ते अजून कोणालाच न सांगितलेली व्यक्ती आपल्या मिस्साला आपल्याच बाकावर बसलेली असू शकते. आवारातील आपले ते पहिले वाक्य तिच्याही कानावर पडते. अत्याचार करणाऱ्याला ते वाक्य कधी लागत नाही. लागते ते तिला, आणि ती आणखी दहा वर्षे गप्प बसते.

आपल्या देशात बालकांच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 साली आला. त्याच्या कलम 19 नुसार अशी घटना ठाऊक असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कलम 23 नुसार पीडित बालकाची ओळख पटेल असे काही प्रसिद्ध करता येत नाही. मोबाइलवर आलेली नावे आणि फोटो पुढे पाठवणाऱ्या मंडळींनीही हे ध्यानात घ्यावे. धोक्यात असलेल्या मुलांसाठी 1098 हा क्रमांक आहे. ज्या प्रौढ व्यक्तीला आपल्या बालपणाविषयी बोलायचे आहे तिच्यासाठी आमचे दार उघडे आहे, पण आमच्याकडेच आले पाहिजे असे मुळीच नाही. पोलीस ठाण्यात, वकिलाकडे, डॉक्टरांकडे थेट जाता येते आणि त्यासाठी आधी धर्मगुरूंना विचारावे लागत नाही.